अधांतरी मूर्ती आणि चुंबकाची उपपत्ती : शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या संदर्भात एक परीक्षण

१. प्रश्नाचे स्वरूप

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात शिरपूर हे गाव आहे. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी राहिली आहे, अशी जैन समाजात शतकानुशतके चालत आलेली श्रद्धा आहे. 'अंतरिक्ष' हे नाव या श्रद्धेवरूनच पडले. ही मूर्ती अधांतरी कशी राहिली, या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर श्रद्धावंताचे असून ते दैवी प्रभावाचे आहे. इतिहासाच्या साधनांनी त्याचे खंडन वा मंडन करणे शक्य नाही. दुसरे उत्तर सुशिक्षितांच्या संभाषणात आणि प्रवासवर्णनपर लेखनात वारंवार आढळते. मूर्तीच्या वर, खाली वा भोवती लोहचुंबक बसविले असावेत व त्यांच्या बळावर ती तोलून धरली असावी, असे त्याचे स्वरूप आहे.

हे दुसरे उत्तर वैज्ञानिक वाटते आणि म्हणूनच ते विशेष चिकित्सा न होता स्वीकारले जाते. वस्तुतः जे उत्तर वैज्ञानिक म्हणून पुढे येते त्याची परीक्षा विज्ञानाच्याच कसोटीने व्हावयास हवी. शिवाय या उत्तरात एक गर्भित आरोपही आहे. मूर्ती चुंबकाने धरली होती असे म्हणणे म्हणजे कोणीतरी ती युक्ती योजली आणि भाविकांपासून लपविली, असे म्हणणे होय. एखाद्या समाजाच्या पूर्वजांवर असा आरोप करावयाचा तर त्याला प्रमाण हवे. चुंबकाची ही उपपत्ती कोठून आली, ती भौतिकदृष्ट्या संभवते काय, आणि शिरपूरविषयीच्या जुन्या साधनांशी ती जुळते काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

२. शिरपूरविषयीचे जुने साधन

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. इंग्रजी अमदानीत बासीम हा स्वतंत्र जिल्हा १९०५ मध्ये मोडला गेला आणि शिरपूरसह त्याचा मोठा भाग अकोला जिल्ह्यात समाविष्ट झाला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. यामुळे शिरपूरविषयीची विसाव्या शतकातील बहुतेक सरकारी माहिती अकोला जिल्ह्याच्या नावाखाली शोधावी लागते, हे संशोधकाने ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

या स्थानाची परंपरा सविस्तर सांगणारे महत्त्वाचे साधन म्हणजे जिनप्रभसूरीचा 'विविधतीर्थकल्प' हा ग्रंथ. तो विक्रम संवत १३८९, म्हणजे इ. स. १३३२-३३ च्या सुमारास पूर्ण झाला. संस्कृत व प्राकृत अशा दोन्ही भाषांतील कल्प त्यात असून मुनी जिनविजय यांनी तो १९३४ मध्ये सिंघी जैन ग्रंथमालेत संपादून प्रसिद्ध केला. जिनप्रभ हा महंमद तुघलकाच्या दरबारी मान मिळविलेला आचार्य होता. दक्षिणेतील प्रतिष्ठान, म्हणजे पैठण, या नगरावरही त्याने कल्प लिहिले आहेत. त्यामुळे श्रीपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथावरील त्याचा कल्प दुरून ऐकलेली कथा म्हणून बाजूस सारता येत नाही.

कथेचा सारांश असा. लंकाधिपती रावणाने माली व सुमाली यांना कामगिरीवर पाठविले. पूजेची प्रतिमा सोबत घेण्यास सेवक विसरला. तेव्हा वाळू व गोमय एकत्र करून त्याने पार्श्वनाथाची प्रतिमा घडविली आणि पूजेनंतर ती एका सरोवरात विसर्जित केली. पुढे कुष्ठाने पीडित झालेला श्रीपाल राजा त्या सरोवराच्या पाण्याने बरा झाला. स्वप्नातील आदेशानुसार त्याने प्रतिमा बाहेर काढली आणि कोवळी वासरे जुंपलेल्या गाडीतून तो ती घेऊन निघाला. मागे वळून पाहावयाचे नाही, अशी अट होती. प्रतिमा येत आहे किंवा नाही या शंकेने राजाने मागे पाहिले. त्याच क्षणी गाडी पुढे निघून गेली आणि प्रतिमा आकाशात होती तेथेच स्थिर राहिली. त्या जागी राजाने श्रीपूर वसविले.

या कथेनंतर जिनप्रभाने दिलेली माहिती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. पूर्वी डोक्यावर पाण्याची घागर घेतलेली स्त्री प्रतिमेच्या आसनाखालून जाऊ शके. काळाच्या ओघात हे अंतर कमी होत गेले. आता प्रतिमेखालून केवळ उपरणे सरकविता येते आणि आसन व भूमी यांच्यामधून दिव्याचा प्रकाश दिसतो, असे तो सांगतो. अंतर का घटले याची दोन कारणेही तो देतो. एक तर भूमी वर आली असावी, किंवा काळ दूषित झाल्याचा हा परिणाम असावा. चौदाव्या शतकातील या धर्माचार्याने चमत्काराची नोंद करताना एक नैसर्गिक कारणही विकल्पाने पुढे मांडावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. मात्र त्याने सुचविलेले नैसर्गिक कारण अंतर घटण्याचे आहे. प्रतिमा अधांतरी राहण्याचे नव्हे. चुंबकाचा त्याच्या कल्पात उल्लेख नाही.

३. चुंबकाच्या कथेची वंशावळ

चुंबकाने तोललेल्या मूर्तीची कथा शिरपूरहून फार जुनी असून तिचा प्रदेशही विस्तृत आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकातील आपल्या निसर्गविषयक ग्रंथात अलेक्झांड्रियातील आर्सिनोई राणीच्या मंदिराची हकिकत दिली आहे. तिची लोखंडी मूर्ती अधांतरी दिसावी म्हणून शिल्पकाराने मंदिराचे छत चुंबकपाषाणाचे करण्यास आरंभ केला. परंतु शिल्पकार व राजा दोघेही मरण पावल्याने काम अपुरे राहिले, असे तो लिहितो. या कथेतील मंदिर पूर्ण झालेच नाही, हे विसरू नये. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीन याने भूमीत व छतात चुंबक बसवून मध्ये तोलून धरलेल्या मूर्तीचा उल्लेख केला. मूर्तिपूजकांचे चमत्कार हे मानवी कौशल्याचे फळ आहेत, हे दाखविणे हा त्याचा हेतू होता. पुढे मध्ययुगीन युरोपात हीच कथा इस्लामच्या प्रेषिताच्या शवपेटीविषयी सांगितली जाऊ लागली. तिला वस्तुस्थितीचा काहीही आधार नव्हता.

भारतातही ही कल्पना अपरिचित नव्हती. अयस्कांत, म्हणजे लोखंडाला ओढणारा मणी, आपल्या वाङ्मयात पुरातन आहे. वैशेषिक सूत्रांत सुईच्या चुंबकाकडे जाण्याचा निर्देश असून त्याचे कारण 'अदृष्ट' मानले आहे. कालिदासाने 'कुमारसंभवा'त शंकराच्या चित्ताला अयस्कांताने ओढल्या जाणाऱ्या लोखंडाची उपमा दिली. 'रसरत्नसमुच्चय' या रसशास्त्रावरील ग्रंथात कांतलोहाचे भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमकांत असे पाच प्रकार सांगितले आहेत. बाराव्या शतकाच्या मध्यास 'राजतरंगिणी' लिहिणाऱ्या कल्हणाने चौथ्या तरंगात ललितादित्य राजाच्या दिग्विजयाचे वर्णन करताना स्त्रीराज्यात त्याने स्थापिलेल्या नृहरीच्या निराधार मूर्तीचा उल्लेख केला आहे. एक चुंबक वरून व दुसरा खालून ओढत असल्याने ती मध्येच स्थिर राहिली, असे तो म्हणतो. ऑगस्टीनच्या दृष्टीने जी लबाडी, ती कल्हणाच्या दृष्टीने राजाचे वैभव होती. कथा एकच असून निवेदकाच्या भूमिकेनुसार तिचा अर्थ बदलतो.

या कथांपैकी सर्वांत तपशीलवार कथा तेराव्या शतकातील झकरिया अल्-कझवीनी याच्या भूवर्णनपर ग्रंथात येते. ती सोमनाथाविषयी आहे. गझनीच्या महमुदाने देवालयात प्रवेश केला तेव्हा मूर्ती मध्यभागी कोणत्याही आधाराविना उभी होती. सुलतानाने कारण विचारले. कोणी म्हणाले, आधार गुप्त आहे. त्यावर भाल्याने मूर्तीच्या खाली व भोवती चाचपून पाहण्यात आले, परंतु भाला कोठेही अडला नाही. तेव्हा एकाने सुचविले की, वरची छत्री चुंबकपाषाणाची व मूर्ती लोखंडाची असून सर्व बाजूंचे आकर्षण समान राहील अशी रचना कारागिराने केली आहे. काहींना हे पटले, काहींना पटले नाही. निर्णयासाठी सुलतानाच्या अनुमतीने छत्रीचे दगड काढण्यास आरंभ झाला. दोन दगड काढताच मूर्ती एका बाजूस कलली. आणखी काढल्यावर ती अधिक कलली आणि अखेरीस भूमीवर टेकली.

एखादी चुंबकीय रचना सुटी करून तिचे रहस्य जाणण्याच्या प्रयत्नाची ही एक जुनी कथा होय. तीत तर्क आहे, मतभेद आहे, प्रयोग आहे आणि निष्कर्षही आहे. या गुणांमुळेच ती विश्वसनीय वाटते. परंतु ऐतिहासिक साधन म्हणून तिचे मूल्य अल्प आहे. सोमनाथावरील स्वारी १०२६ ची आहे आणि कझवीनीचा मृत्यू १२८३ मधील आहे. दोहोंत अडीचशे वर्षांचे अंतर पडते. उलट महमुदाचा समकालीन अल्-बिरूनी याने सोमनाथाच्या लिंगाची व त्याच्या भंगाची हकिकत दिली असून तीत अधांतरी मूर्तीचा उल्लेख नाही. सोमनाथाचे दैवत शिवलिंग होते. छत्रीखाली तरंगणारी लोखंडी मूर्ती नव्हे.

४. चुंबकीय धारकाची अंतर्रचना

कथेतील रचना खरोखर संभवते काय, हे ठरविण्यासाठी चुंबकाने वस्तू धरून ठेवणारे आणि इच्छेनुसार सोडणारे एखादे प्रत्यक्ष साधन उघडून पाहणे उपयुक्त ठरेल. कारखान्यांत 'मॅग्नेटिक स्टँड' या नावाने परिचित असलेले साधन याच जातीचे आहे. मापनाचे डायल यंत्र लेथच्या पाठीवर पक्के बसविण्यासाठी त्याचा उपयोग होतो. त्याचा पाया म्हणजे मुठीत मावेल एवढा लोखंडी ठोकळा असून बाजूस एक कळ असते. कळ फिरविली की ठोकळा लोखंडाला घट्ट चिकटतो. परत फिरविली की सहज सुटतो. त्यास विजेची आवश्यकता नसते.

असा ठोकळा सुटा केला असता आत पुढील रचना आढळते. ठोकळा एकसंध नसून त्याचे दोन लोखंडी भाग असतात व त्यांच्यामध्ये पितळेची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी असते. या धातूंतून चुंबकीय प्रवाह सुलभतेने जात नाही. ठोकळ्याच्या पोटात एक गोल आडवे छिद्र असून त्यात दंडगोलाकृती कायम चुंबक बसविलेला असतो. सामान्य चुंबकपट्टीप्रमाणे या दंडगोलाचे ध्रुव त्याच्या टोकांना नसतात. ते व्यासाच्या दिशेने, म्हणजे एका कुशीला उत्तर व समोरच्या कुशीला दक्षिण, असे असतात. बाहेरची कळ या दंडगोलाला जोडलेली असते आणि ती त्याला चतुर्थांश वळण देते.

कळ 'चालू' स्थितीत असताना उत्तर ध्रुव एका लोखंडी भागाकडे आणि दक्षिण ध्रुव दुसऱ्या भागाकडे येतो. दोन्ही भाग परस्परविरुद्ध ध्रुव बनतात. मधल्या पितळेतून प्रवाहाला वाट मिळत नाही. म्हणून तो एका भागातून खाली उतरतो, ज्यावर ठोकळा ठेवला आहे त्या लोखंडातून जातो आणि दुसऱ्या भागातून चुंबकाकडे परततो. वर्तुळ पूर्ण होते व पकड बसते. दंडगोलाला चतुर्थांश वळण दिले की त्याचे दोन्ही ध्रुव पितळेच्या पट्टीच्या रेषेत येतात. आता प्रत्येक ध्रुव एकाच वेळी दोन्ही लोखंडी भागांना स्पर्श करतो. प्रवाह उत्तर ध्रुवातून निघून त्याच लोखंडी भागातून वळसा घेतो आणि दक्षिण ध्रुवास मिळतो. वर्तुळ ठोकळ्याच्या आतच पुरे झाल्याने बाहेरच्या लोखंडासाठी जवळजवळ काहीच उरत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. कळ फिरविल्याने चुंबकाचे बळ नाहीसे होत नाही. त्याची केवळ वाट बदलते. चुंबकाला लोखंडी टोपी बसविली असता त्याची धारणशक्ती वाढते, हे विल्यम गिल्बर्टने १६०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले होते. आजचा धारक हा त्याच तत्त्वाचा विस्तार आहे.

सुटे करण्याच्या क्रियेतूनही एक बोध मिळतो. जुन्या पद्धतीच्या धारकांत ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचा चुंबक असतो. तो लोखंडी वेष्टनातून बाहेर काढला की त्याच्या प्रवाहाची वाट तुटते आणि त्याचे बळ काही अंशी कायमचे घटते. परत तसाच बसविला तरी पूर्वीची पकड येत नाही. त्यास पुन्हा चुंबकित करावे लागते. म्हणजे उघडून पाहिलेली वस्तू न उघडलेल्या वस्तूसारखी राहत नाही.

५. अंतराची कसोटी

या धारकाची शक्ती संपूर्णपणे स्पर्शावर अवलंबून आहे. ठोकळा व लोखंड यांच्यामध्ये कागदाची घडी ठेवली तरी पकड कमी होते. पितळेची जाड पट्टी ठेवली तर ठोकळा हाताने सहज उचलता येतो. हवा असो, कापड असो वा पितळ असो, अंतर हे चुंबकाच्या पकडीचे वैरी आहे. शिरपूरच्या परंपरेचा गाभा मात्र अंतर हाच आहे. घागरीएवढे, उपरण्याएवढे, परंतु अंतर. जे साधन अंतर सहन करू शकत नाही त्याने अंतराचे स्पष्टीकरण द्यावे, हा पहिला विसंवाद होय.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. छतातील चुंबकाने लोखंडी मूर्तीचे वजन एका विशिष्ट उंचीवर नेमके तोलले आहे, अशी कल्पना करावी. मूर्ती केसभर वर सरकली तर अंतर घटल्याने आकर्षण वाढते आणि ती छताला जाऊन चिकटते. केसभर खाली आली तर आकर्षण घटते आणि ती कोसळते. तोल साधणारा बिंदू आहे. पण त्या बिंदूवर टिकून राहणे नाही. सुईच्या अग्रावर सुई उभी करावी तशी ही अवस्था आहे. सॅम्युअल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयाचा आशय असाच आहे : अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलणाऱ्या स्थिर आकर्षण-प्रतिकर्षणांनी कोणतीही वस्तू अधांतरी स्थिर समतोलात राहू शकत नाही. कायम चुंबक आणि लोखंड यांनाही हा निर्बंध लागू पडतो.

या दृष्टीने पाहता कल्हणाची दोन चुंबकांची योजना एका चुंबकापेक्षा अधिक अस्थिर ठरते. कारण खालचा चुंबक मूर्ती खाली येताच तिला अधिक जोराने ओढील. कझवीनीच्या कथेतील समान आकर्षणाचा युक्तिवादही टिकत नाही. समानता म्हणजे स्थिरता नव्हे. सर्व बाजूंनी समान ओढ असलेली जागा हीच अशी जागा आहे की तेथून यत्किंचित ढळलेली वस्तू ढळतच जाते. आणि त्या कथेतील सर्वांत पटणारा तपशील, म्हणजे एकेक दगड काढताच मूर्तीने हळूहळू कलणे, हाच तिचा कच्चा दुवा आहे. अस्थिर समतोलातील वस्तू टप्प्याटप्प्याने कलत नाही. तोल बिघडताच ती एकदम जाते. क्रमाक्रमाने कलते ती खाली आधार असलेली वस्तू. निवेदकाने भिंत वा खांब कलताना पाहिला असावा आणि तोच अनुभव कथेत घातला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे.

या नियमाला अपवाद आहेत. बिस्मथ वा ग्रॅफाइटसारखे चुंबकाकडून दूर सारले जाणारे पदार्थ, अतिसंवाहक, वेगाने फिरणारा चुंबकीय भोवरा, आणि स्थितीचे क्षणोक्षणी मापन करून बळ नियंत्रित करणारे विद्युत्-चुंबक यांच्या साहाय्याने वस्तू तरंगत ठेवता येते. यांपैकी कोणताही अपवाद मध्ययुगीन देवालयाला लागू पडत नाही.

६. वाळू, गोमय आणि लेप

तिसरी अडचण द्रव्याची आहे. चुंबकाला ओढण्यासाठी लोखंड हवे. शिरपूरची परंपरा मूर्ती वाळू व गोमय यांची असल्याचे सांगते. परंपरेचा पहिला अर्धा, म्हणजे मूर्तीचे अधांतरी राहणे, गृहीत धरावयाचा आणि दुसरा अर्धा, म्हणजे मूर्तीचे द्रव्य, सोडून द्यावयाचा, ही पद्धत चिकित्सेची नव्हे.

यावर एक आक्षेप संभवतो. वऱ्हाडची भूमी काळ्या कातळाची आहे. या कातळात लोहयुक्त खनिजांचे कण असतात व ओढ्याच्या वाळूतून चुंबकाने काळे कण वेचता येतात. दख्खनच्या कातळातील चुंबकत्व एवढे निश्चित आहे की, १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी त्यावरून भारतीय भूखंडाच्या प्राचीन स्थानांतराचा विचार केला. तेव्हा वाळूच्या मूर्तीतही चुंबकत्व असू शकेल, असे कोणी म्हणेल. आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. निष्कर्ष मात्र निघत नाही. हे चुंबकत्व सुईला किंचित विचलित करण्याइतके असते. मूर्तीचे वजन पेलण्याइतके नव्हे. आणि ते कितीही मानले तरी वर सांगितलेली स्थिरतेची अडचण कायमच राहते.

मूर्तीच्या द्रव्याविषयीच्या परंपरेला अर्वाचीन काळातील एका व्यवहाराचा दुजोरा मिळतो. तो व्यवहार म्हणजे लेप. मूर्तीवर वेळोवेळी लेप द्यावा लागतो. आणि हा लेपच श्वेतांबर व दिगंबर या दोन संप्रदायांतील दीर्घ वादाचे एक प्रमुख कारण ठरला. १९०५ मध्ये दोन्ही पक्षांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. पुढे लेपाचे स्वरूप व व्यवस्थापनाचा अधिकार यांवरून १९१० मध्ये अकोल्याच्या न्यायालयात दावा दाखल झाला. तो नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरांकडे व तेथून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९२९ मध्ये त्याचा निकाल लागला. तंटा मात्र मिटला नाही. १९८१ पासून मंदिर बंद राहिले. २२ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेपाविषयी अंतरिम आदेश दिला आणि त्यानंतर मार्च २०२३ मध्ये ते दर्शनासाठी उघडले. या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु लोखंडाच्या मूर्तीला लेपाची गरज पडत नाही. ठिसूळ द्रव्याच्या मूर्तीला ती पडते, एवढे या इतिहासावरून निश्चितपणे सूचित होते.

अंतर घटण्याविषयी जिनप्रभाने सुचविलेला 'भूमी वर आली' हा विकल्प मात्र गंभीरपणे विचारात घेण्याजोगा आहे. आजची मूर्ती भुयारवजा गर्भगृहात आहे. जुन्या वस्तीच्या गावी भूमीची पातळी पिढ्यानुपिढ्या वाढत जाते व प्राचीन देवालयांचे तळ जमिनीखाली जातात, हा पुरातत्त्वाचा नित्याचा अनुभव आहे. तथापि लोकपरंपरेत घागरवालीच्या जागी घोडेस्वार आला आहे. जिनप्रभाच्या वेळी उपरण्याएवढे असलेले अंतर आज सांगितले जाते तेव्हाही वस्त्र सरकण्याएवढेच राहिले आहे; मोठे झाले आहे ते केवळ भूतकाळातील अंतर. वर्तमानातील नोंद सहाशे नव्वद वर्षे स्थिर राहावी आणि भूतकाळाची नोंद वाढत जावी, यावरून एवढे दिसते की, वर्तमानाविषयीचे विधान निरीक्षणावर आणि भूतकाळाविषयीचे विधान गौरवबुद्धीवर आधारलेले आहे. इतिहासकाराच्या दृष्टीने जिनप्रभाची दिव्याच्या प्रकाशाची नोंद ही या सर्व सामग्रीतील सर्वाधिक मूल्यवान नोंद होय. कारण ती मोजमापाच्या सर्वांत जवळ जाते.

७. समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी प्राप्त होतात. चुंबकाने तोललेल्या मूर्तीची कथा ही अलेक्झांड्रियापासून काश्मीरपर्यंत फिरलेली एक कथावस्तू आहे. तिचा मजकूर स्थानिक निरीक्षणातून न येता पूर्वीच्या कथेतून येतो. स्थिर चुंबकांनी लोखंडी मूर्ती अधांतरी राहू शकत नाही. चुंबक धरून ठेवतो तो स्पर्शाने. आणि शिरपूरच्या प्राचीन परंपरेत चुंबक नाही व लोखंडही नाही. म्हणून शिरपूरच्या मूर्तीला चुंबकाची उपपत्ती लावणे म्हणजे एका कथेचे स्पष्टीकरण दुसऱ्या कथेने करणे होय.

या निष्कर्षाने चमत्कार सिद्ध होत नाही, हेही स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. एक चुकीचे स्पष्टीकरण बाजूला झाल्याने त्याच्या विरुद्ध पक्षाला प्रमाण मिळते असे नाही. जे सिद्ध होते ते इतकेच की, शिरपूरच्या पूर्वजांवर चुंबकाच्या लबाडीचा आरोप ठेवण्यास कोणताही आधार नाही. आणि त्यांच्या ठायी चुंबकशास्त्राच्या अलौकिक ज्ञानाची कल्पना करून अभिमान बाळगण्यासही नाही. हे दोन्ही पक्ष एकाच अपरीक्षित विधानावर उभे आहेत.

राहता राहिला परीक्षणाच्या पद्धतीचा प्रश्न. कारखान्यातील ठोकळा सुटा करता येतो, कारण तो मानवाने मानवाच्या उपयोगासाठी केला आहे आणि बिघडला तर दुसरा आणता येतो. कझवीनीच्या कथेतील सुलतानाने देवालयाला तोच न्याय लावला. आणि दगड काढून संपले तेव्हा पाहावयाचे असे काही उरले नाही. ज्या वस्तूवर दोन संप्रदायांची श्रद्धा आहे आणि जिच्यावरील लेपासाठी एक शतकाहून अधिक काळ न्यायालयांत वाद चालला, ती वस्तू उघडून पाहण्याची नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकाला मूर्तीला स्पर्श न करताही पुष्कळ करता येते : ग्रंथांतील नोंदी कालक्रमाने लावणे, प्रत्येक नोंदीत पाहिलेले किती आणि ऐकलेले किती हे वेगळे करणे, गावाबाहेरील जुन्या पवळी मंदिराच्या तळाची पातळी वस्तीतील मंदिराच्या पातळीशी ताडून पाहणे, आणि एखाद्या उपपत्तीला वैज्ञानिक म्हणण्यापूर्वी तिचे भौतिक परिणाम अखेरपर्यंत मोजून पाहणे. धारकाचे रहस्य तो उघडल्याने कळले; शिरपूरच्या प्रश्नाचा जेवढा भाग इतिहासाच्या कक्षेत येतो तेवढा कागदपत्रे व भूमीची पातळी यांच्या काळजीपूर्वक वाचनानेच उलगडणार आहे.